राबाची आग

ते प्रकरण माझ्या डोक्यातून जाता जात नाही. इतक्या वर्षांच्या नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, एकदा पाठीवर कुऱ्हाडीचा दांडाही खाल्ला. पण कुणी ‘आठवणी सांगा’ म्हणालं, की माझ्या डोळ्यांपुढे पहिलं येतं ते खडवलीकडचं एक जळलेलं शेत. त्यात माझी शाबासकी फारशी नाही, हे आधीच सांगून टाकतो. नावं कुणाची घेणार नाही. काही जण अजून हयात आहेत आणि जे गेले त्यांची मुलंबाळं आहेत.

मी तेव्हा कल्याणला फौजदार होतो. हाताखाली एक हवालदार आणि डझनभर शिपाई. पोलीस म्हणजे चोरामागं धावणारा, असं लोकांना वाटतं. आमचा निम्मा दिवस जायचा तो बांधावरून भांडणारे सख्खे भाऊ वेगळे करण्यात, स्टेशनाबाहेर टांगेवाल्यांची कटकट मिटवण्यात आणि दारू प्यायलेल्या माणसाला न मारता घरी पोचवण्यात. या शेवटच्या कामाला सगळ्यांत जास्त ताकद लागते, हे नव्या शिपायांना सांगून पटत नसे.

चैत्र संपत आला होता. एका खटल्यात साक्ष होती म्हणून मी दोन दिवस ठाण्याला गेलो होतो. परत आलो तो हवालदारानं कागद पुढे ठेवले. खडवलीकडच्या एका गावी जमीनदाराची गवताची गंजी भर दुपारी जळाली, शेजारचा गोठाही गेला, आणि गोठ्यात आडवा झालेला म्हातारा गुराखी भाजला. तो तिसऱ्या दिवशी मेला. फिर्याद जमीनदाराची, संशय त्याच्याच एका कुळावर. कूळ म्हणजे त्याची जमीन कसणारा एक आगरी शेतकरी, चाळिशीचा, तोंडाचा फटकळ. आगीच्या दिवसापासून तो फरार होता.

भांडणाचं कारण राब. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आपल्या ठाणे जिल्ह्यात भाताचं रोप टाकायच्या आधी त्या तुकड्यावर शेण, झाडांचे टहाळ, गवत असे थर पसरून वर बारीक माती टाकतात आणि उन्हाळ्यात ते पेटवून जमीन भाजून काढतात. त्याला राब म्हणतात. कुळांनी आपला राब भाजायचा आणि जमीनदाराचाही फुकट भाजून द्यायचा, अशी त्या गावची वहिवाट होती. त्या वर्षी टहाळ तोडण्यावरून दोघांची जुंपली. कूळ चारचौघांत म्हणाला, “तुजा राब तूच भाज. तुजी गंजी जलली तरी मी बगावला येनार नाय.” आणि आठ दिवसांत गंजी जळाली. आता सांगा, कुणाला दुसरा संशय येईल?

मला आला नाही. पंचनामा हवालदारानं केला होता. तो जमीनदाराच्या ओटीवर बसून, दूध पिऊन केला होता, हे मला मागाहून कळलं. मी कागद वाचला आणि खाली सही ठोकली.

पाचव्या दिवशी खबर आली. कूळ शीळच्या बाजूला, फाट्यापासून आत असलेल्या एका पाड्यावर, बहिणीच्या घरी लपलाय. मी तट्टावर, मागे तीन बंदूकवाले शिपाई, असे सकाळी निघालो. पाड्यात शिरतो न शिरतो तोच पुरुष काठ्या घेऊन बाहेर आले, बायकांच्या हातांत कोयते. कुठून तरी एक दगड आला आणि शिपायाच्या कानावरून गेला. त्यानं बंदूक खांद्याला लावली.

“खाली घे ती! खाली!” मी ओरडलो. एक बार उडाला असता तर एखादी बाई आडवी झाली असती आणि मग आम्हा चौघांपैकी कुणी परत आलं नसतं. मी तट्टावरून उतरलो, हातातली छडी शिपायाकडे दिली आणि समोरच्या ओट्यावर जाऊन सरळ बसलो. म्हटलं, “आई, तांब्याभर पाणी द्या.”

म्हातारी त्या कुळाच्या बहिणीची सासू. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, “पानी पिवाला आयलास का मानूस न्यावाला?”

“दोन्हीला,” मी म्हणालो.

त्यावर कुणीतरी हसलं आणि काठ्या जरा खाली आल्या. पाणी आलं. तासभर बोलणं झालं. शेवटी कूळ स्वतःच माळ्यावरून उतरला. म्हातारीनं मला विचारलं, “मारशील त्याला?” मी म्हणालो, “हात लावणार नाही. शब्द देतो.” ती म्हणाली, “बामनाचा शब्द का पोलिसाचा?” मी कुळाला पुढे घालून निघालो.

मामलेदारांनी चार दिवस ताब्यात ठेवायची परवानगी दिली. त्याची बायको कल्याणला आली आणि ठाण्यासमोरच्या चिंचेखाली बसली. भाकरी आणायची, शिपायाच्या हाती द्यायची, पुन्हा जाऊन बसायची. एकदा मला अडवून म्हणाली, “सायेब, फाशी देतान का काला पानी?” मी म्हणालो, “बाई, अजून काही ठरलं नाही.” पण आत सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. माणूस मेला होता. मुद्दाम आग लावल्याचं शाबीत झालं असतं, तर ती बाई नवऱ्याला पुन्हा दिसली नसती.

चौकशी सुरू केली. पहिला दिवस नुसता “मी नाय लावली” यात गेला. पळालास का, तर म्हणे, “आग लागताच समदे माज्या नावानं बोंबलले. थांबून काय मार खाऊ?” दुसऱ्या दिवशी जमीनदाराची दहा-बारा माणसं दारात येऊन बसली. वरून जिल्ह्याच्या कचेरीतून विचारणा, तपास कुठवर आला. हवालदार माझ्या कानाशी लागला, “रावसाहेब, एक रात्र माझ्याकडे द्या. पोपटासारखा बोलेल.”

हवालदार वाईट माणूस नव्हता. तापात पडलेल्या शिपायाच्या घरी स्वतः पेज घेऊन जाणारा. पण त्याला काम तसंच शिकवलेलं होतं, आणि मलाही. पोलिसापुढची कबुली कोर्टात चालत नाही, हा कायदा तेव्हाही होता. मात्र मॅजिस्ट्रेटपुढे काय बोलायचं ते कोठडीत पढवून पाठवता येतं, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. मी त्याला नाही म्हटलं. मोठ्या साधुपणानं नाही म्हटलं असं समजू नका. शीळच्या म्हातारीचे डोळे आठवले, एवढंच.

आणि दुपारी तो शब्द मीच मोडला. उकाडा, बाहेर गलका, आणि हा भिंतीला टेकून तेच तेच वाक्य बोलतोय. मी विचारलं, “आग कुठून लावलीस?” तर म्हणतो कसा, “तुमीच सांगा, तुमाला समदा ठावं हाय.” माझं डोकं फिरलं. मी उठलो आणि त्याच्या थोबाडीत दिली. चांगली सणसणीत.

त्यानं गाल चोळला. रडला नाही, ओरडला नाही. माझ्याकडे बघून म्हणाला, “सायेब, तुमी जागा बगितली काय?”

शिपायासमोर, हवालदारासमोर मला विलक्षण लाज वाटली. एक माणूस आयुष्यातून उठायला निघाला होता, आणि ज्या जागेवरून उठणार ती मी डोळ्यांनी पाहिलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं आम्ही खडवलीला उतरलो. कूळ, हवालदार, दोन शिपाई आणि मी. गावात पोचताच लोक जमले. गंजीच्या जागी काळा डाग, गोठ्याचे खांब उभे. गंजीच्या पश्चिमेला कुंपण, आणि कुंपणापलीकडे जमीनदाराचं रोपाचं शेत, तेही भाजलेलं. पंचनाम्यात त्याच्याबद्दल एकच ओळ होती: ‘राब आगीच्या चार दिवस आधी घरच्या गड्यानं भाजला.’

मी कुळाला म्हटलं, “दाखव, काय दाखवायचंय ते.” त्याचं गंजीकडे लक्षच नव्हतं. तो शेताकडे बघत राहिला आणि एकदम भडकला. आरोप ऐकून भडकला नव्हता, थोबाडीत खाऊन भडकला नव्हता, तो आता भडकला.

“यो राब कनी पेटवला? अरे, कनी पेटवला यो? याला शेती म्हंतान?” बेड्यांच्या हातांनीच त्यानं माती उकरली. वर चार बोटं राख, आणि खाली शेण तसंच, टहाळाच्या काड्या अर्ध्या कच्च्या. “बगा! नुसता वरून जललाय. जमीन भाजलीच नाय!”

मी म्हटलं, “नीट सांग. मी शहरातला माणूस आहे.”

मग त्यानं सांगितलं, लहान मुलाला सांगावं तसं. दुपारी वारा खाडीकडून, म्हणजे पश्चिमेकडून येतो. राब पेटवायचा तो पूर्वेच्या टोकाला. तिथं आधी पट्टा साफ करायचा, ओले टहाळ घेऊन माणसं उभी करायची. मग आग वाऱ्याविरुद्ध सरकते, दमानं सरकते, आणि जमीन खालपर्यंत भाजते. इथं विस्तव पश्चिमेला लावला होता. पेटवणीच्या पेंढ्याची राख तिथंच पडली होती. वाऱ्यानं आग धावत सुटली, शेत वरवर चाटून कुंपणात शिरली आणि कुंपणापलीकडे गंजी.

हवालदार हळूच म्हणाला, “रावसाहेब, हाच पेटवून पळाला असेल.” कुळानं ते ऐकलं. तो म्हणाला, “हवालदार, मना फाशी द्या. पन असा राब मी पेटवला म्हनून कागदावर लिवू नका.”

एक शिपाई तोंड फिरवून हसला. मला मात्र त्या क्षणी खात्री पटली. मार चुकवण्यासाठी माणूस खोटं बोलतो, पण असल्या गोष्टीवर असा चिडत नाही.

मी जमीनदाराच्या म्हाताऱ्या गड्याला बोलावलं. बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, “बाबा, राब तुम्ही भाजला ना? विस्तव कुठं ठेवलात?” त्यानं विचार न करता पूर्वेकडे बोट केलं. मी म्हटलं, “राख तर पश्चिमेला आहे.” तो मालकाकडे बघतो, जमिनीकडे बघतो. मी म्हटलं, “गाव म्हणेल, म्हातारपणी तुम्हाला राब पेटवता येईना.” झालं! म्हातारा उसळला, “माजा जलम गेला राब भाजन्यात! मी असा पेटवीन?” आणि बोलून गेल्यावर त्यानं तोंडावर हात ठेवला.

गर्दीच्या कडेला जमीनदाराचा घरजावई उभा होता. घाटावरचा, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. तो मटकन खाली बसला. “म्या पेटवला,” म्हणाला. “आमच्याकडं कुठं राब असतुया, सायेब? कुळं येईनात. घरात समदी म्हनायची, जावई आयतं खातुया. म्हनलं वारा हाय, झटक्यात हुईल. म्हाताऱ्याला गोठ्यात निजलेला म्या बगितलाच न्हाई.” असं म्हणून तो ओक्साबोक्शी रडू लागला.

हवालदार त्याची मानगूट धरायला निघाला. मी हात आडवा केला. “राहू दे. बोलतोय ना तो?”

जमीनदाराला मी बाजूला घेतलं. विचारलं, “तुम्हाला माहीत होतं?” त्यानं रडणाऱ्या जावयाकडे पाहिलं. मग म्हणाला, “फौजदारसाहेब, माझ्या लेकीच्या कुंकवाचा प्रश्न होता.” मी म्हणालो, “त्या चिंचेखाली बसलीय तिच्या कपाळालाही कुंकूच आहे.” मला त्याचा संताप आला होता आणि कीवही आली. लेकीसाठी माणूस काय काय करतो, ते मी नोकरीत पुष्कळ पाहिलं.

जावयाला निष्काळजीपणाबद्दल थोडी सजा झाली, खोट्या फिर्यादीबद्दल सासऱ्यावर वेगळा खटला झाला. कुळाला मामलेदारांनी सोडलं. ठाण्याच्या दारात मी त्याच्याजवळ गेलो. माफी मागायची होती, पण त्या काळचा फौजदार कुळाची माफी कुठून मागणार? म्हणालो, “जा, पेरणीला वेळ आहे अजून.”

त्यानं बायकोच्या हातातली भाकरीची चवड घेतली. म्हणाला, “सायेब, तुमी मना शेतावर नेला नसता तं?”

“नेलं ना पण?”

“नेला. पन नेला नसता तं?”

त्यानं रामराम केला आणि दोघं स्टेशनाच्या वाटेनं गेली.

पुढे ज्या ज्या ठाण्यावर बदली झाली तिथं कबुलीचा कागद समोर आला, की मी पहिलं विचारायचो, “याला जागेवर नेलंत का?” शिपाई पाठीमागे चेष्टा करायचे. मला कळायचं आणि मी करू द्यायचो. या प्रकरणानं मला काय शिकवलं म्हणाल, तर एवढंच. सबुरी ही पोलिसाची मेहेरबानी नव्हे. ती नसेल तर आपण कोणाला पकडलंय हे आपल्यालाच कळत नाही.

पण कुळाचा तो प्रश्न त्याच्या एकट्याबद्दल नव्हताच, हे मला त्याला सोडलं त्याच संध्याकाळी घरी जेवायला बसल्यावर समजलं. या प्रकरणाआधी माझ्या नोकरीची दहा वर्षं झाली होती. कबुल्या पुष्कळ घेतल्या होत्या. त्यातला एक जण, गाडीच्या बैलांच्या चोरीतला, मॅजिस्ट्रेटपुढे ‘मीच केलं’ म्हणताना ना मॅजिस्ट्रेटकडे बघत होता ना माझ्याकडे. तो शिपायाच्या हाताकडे बघत होता. तेव्हा मला ते दिसलं होतं. त्याला सात वर्षांची सजा झाली. त्या चोरीच्या जागेवर मी कधी गेलोच नव्हतो.