कपास स्टेपचा उजवा हात

कापूस तुडवला की खाली बसतो. किस्से तुडवले की फुगतात! आमच्या सिंदी रेल्वेत कपास स्टेपबद्दल इतके फुगले आहेत, की खरं काय ते आता सांगायलाच हवं. चारचौघांत मला बोलता येत नाही, म्हणून लिहितो.

*

मी आणि गजूभाऊ कापसाच्या गाड्या भरतो. वर चढून तुडवणं माझं काम. मागच्या हंगामात ऐन तुडवताना माझ्या हाफ पॅन्टचं इलॅस्टिक तुटलं. डाव्या हातात वरचा दोर होता. उजव्या हातानं पॅन्ट धरली आणि तुडवत राहिलो. खाली ट्रॅकसूटवाले एक सर मोबाइलवर शूटिंग करत होते.

"दिनेश, तुही फिलम काढून राह्यले ते!" गजूभाऊ ओरडले.

मला वाटलं, गंमत म्हणून काढत असतील.

*

पंधरा दिवसांत त्याच सरांचा मैदानावर क्लास सुरू. 'कपास स्टेप'! सकाळी सहाला दुकानदार, मास्तर, पेन्शनर अशी वीसेक माणसं, डावा हात वर, उजवा कमरेवर, धप धप धप. शेवटी सर ओरडणार, "दोन्ही हात वर! जोरदार टाळी!"

गजूभाऊंनी कपाळाला हात लावला. "अबे, हे तं तुही चड्डी होय!"

*

उजवा हात कमरेवर कशाला, असं कुणीतरी विचारलं. सर म्हणाले, "तिथं शक्तीचं केंद्र आहे. हिंगणीच्या जंगलात एका साधूनं ही विद्या अस्वलाकडून घेतली."

पुढं त्यांनी आर्वीला क्लास काढला, तर तिथं तीच विद्या जपानहून आली! साधूला मान, अस्वलाला मान, जपानला मान. ज्यानं तुडवलं त्याचं नावसुद्धा नाही!

"अस्वलाचंबी इलॅस्टिक तुटलं होतं काय?" गजूभाऊंनी विचारलं.

*

धीर करून सरांकडे गेलो. "सर, व्हिडिओतला तो मीच."

"कितवी शिकला?"

"आठवी."

"मग यातलं शास्त्र तुला काय कळणार?"

शास्त्र! पुरावा म्हणून घरी ती पॅन्ट शोधली. आई म्हणाली, "तिचं तं मी फडकं केलं. काल तूच त्यानं सायकल पुसली ना रे?"

*

शेवटी स्वतःच क्लासात उभा राहिलो. सर सगळ्यांसमोर म्हणाले, "तुझी टाच चुकते!"

माझी! अरे, टाचेनंच कापूस बसतो! कधी नव्हे तो माझा आवाज फुटला. "शक्ती नाई न् अस्वल नाई! माह्या पॅन्टचं इलॅस्टिक तुटलं होतं, म्हणून तो हात! स्टेप माही आहे!"

एक पेन्शनर काका सरांकडे वळले. "म्हणजे आपण इतके दिवस इलॅस्टिक ठेवून करून राह्यलो? मंग गुण कसा येईन?"

सरांनी मान डोलावली. "तेच सांगणार होतो. उद्यापासून ओरिजिनल पद्धत, बिनइलॅस्टिकची."

*

दुसऱ्या दिवशी सहाला मी आणि गजूभाऊ मैदानाच्या कडेला उभे. समोर वीसेक माणसं, सर सगळ्यांत पुढं. आज कुणाचाच उजवा हात ढिला नव्हता. स्टेप पहिल्यांदाच बरोबर झाली, हे मलाही मानावं लागलं.

सर खूश झाले. माझ्याकडे बघून म्हणाले, "ही पद्धत आपल्या दिनेशची! त्याच्यासाठी दोन्ही हात वर! जोरदार टाळी!"