दुसरं कडवं

आज रिक्षात ते जुनं सिनेमाचं गाणं लागलं आणि दुसरं कडवं सुरू होताच मी सवयीनं चिडले. खरं तर कारण नव्हतं. त्या कडव्यात हटकून बोलणारे बाबा जाऊन कितीतरी वर्षं झाली.

तेव्हा आम्ही कोराडीला, औष्णिक वीज केंद्राच्या कॉलनीत राहत होतो. खिडकीतला रेडिओ कितीही पुसा, संध्याकाळी त्यावर राखेचा थर असायचाच. हे गाणं रेडिओच्या फर्माइशीच्या कार्यक्रमात आठवड्यातून एकदा, तेही लागलं तर लागायचं. प्रियकराची वाट पाहत एक बाई रडते, एवढंच गाणं. एका संध्याकाळी ते लागलं आणि नेहमीप्रमाणे नेमकं दुसऱ्या कडव्याला बाबांनी आवाज कमी केला.

"हे प्रेमाचं गाणं नाही, पोरी. बाई काहून रडून राहिली? तृष्णा! तथागतानं हेच तर सांगतलं. तृष्णा सोडली का रडणं बंद."

"बाबा, गाणं ऐकू द्या ना!" मी ओरडले. विहारातलं प्रवचन कमी पडत होतं की काय!

तांदूळ निवडणारी आई मान वर न करताच म्हणाली, "लग्न ठरल्यावर दर रविवारी माह्या गावी, कुहीच्या बसस्टँडवर येऊन बसत होते तुमी. तवा काहून नाही सोडली तृष्णा?"

 बाबांनी स्वतःच आवाज वाढवला. तोवर बातम्या सुरू झाल्या होत्या.

आज मध्ये कोणी बोललं नाही. ते कडवं मी शेवटपर्यंत ऐकलं. नुसतं प्रेमाचंच आहे हो, बाबा, त्यात दुसरं काहीच नाही.