दोनदा वरचा बाण

ती घटना आठवली की आजही मला खुर्चीत बसवत नाही. उठून घरात एक फेरी मारावी लागते. नातवंडं म्हणतात, "आजीची गस्त सुरू झाली."

लोणावळ्यात मी पोलीस निरीक्षक होते. आयटी कायद्याचा तपास निरीक्षकानेच करायचा असतो, म्हणून प्रकरण माझ्या गळ्यात आलं. संगणकातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. मात्र आवाज चढवला की समोरचा कबूल होतो, अशी माझी ठाम समजूत होती. तेव्हाच्या त्या निरीक्षक बाई आज मला भेटल्या तर मी त्यांना पुन्हा प्रशिक्षणाला पाठवीन.

एका शनिवारी पवना धरणाच्या काठी एकेका तंबूवर दोन-दोन कुटुंबं हक्क सांगत भांडत होती. तंबूंची बुकिंगं घेणाऱ्या एका छोट्या कंपनीच्या अ‍ॅपमधून आदल्या दिवशी सगळी बुकिंगं रद्द झाली होती आणि मोकळे दिसलेले तंबू दुसऱ्यांनी घेतले होते. भांडण मिटवून ठाण्यात परतते तोच कंपनीचे मालक हजर. आरोपीचं नावही तयार: नुकतीच नोकरी सोडलेली तळेगावची एक मुलगी, इंजिनिअर. सर्व्हरवर कन्सोल तिच्याच नावाने उघडला होता.

"सर्व्हर जप्त करा," मी फर्मावलं. "जीपमध्ये मावेल ना?"

हवालदार खिडकीबाहेर बघू लागले. सर्व्हर परदेशात होता.

रविवारी मुलीला आईसोबत बोलावलं. सोमवारी तिला नव्या कंपनीत रुजू व्हायचं होतं. गुन्ह्यात नाव आलं असतं तर ती नोकरी गेलीच होती. मी टेबलावर हात आपटला, चहा सांडला. तिने आधी स्वतःच्या रुमालाने माझी केस डायरी पुसली, मग म्हणाली, "मॅडम, लॅपटॉप परत देताना सर्व्हरवरचा माझा प्रवेश बंद करा असं सांगून आले होते. त्यांनी तोच लॅपटॉप तसाच नव्या माणसाला दिलाय."

"आणि कन्सोल म्हणजे काय गं?"

"दूरच्या सर्व्हरवर चालणाऱ्या अ‍ॅपच्या पोटात शिरायची काळी खिडकी. तिथं लिहून एंटर मारलं की लगेच होतं. 'नक्की ना?' असं कुणी विचारत नाही. म्हणून सरावाची प्रत वेगळी असते, खरा सर्व्हर वेगळा. दिसायला मात्र दोन्ही खिडक्या सारख्याच."

तेवढ्यात भांडणाच्या जबाबावर सही करायला आलेले पवनानगरचे एक तंबूवाले दारातूनच बोलले, "म्याडम, ती पोर न्हाई हो. शुक्रवारी दुपारच्याला माज्या मोबाईलवर धडाधड रद्दचे मेसेज आले. हापिसात फोन लावला, तर नवा साहेब म्हनला, भाऊ, टेस्टिंग चाललंय, सोडून द्या. आमी दिलं सोडून!"

"मग काल का नाही सांगितलंत?"

"तुमी इचारलं कुटं? तुमी निसत्या वरडत व्हत्या."

नव्या इंजिनिअरला लॅपटॉपसकट आणि मालकांनाही बोलावलं. तो शपथेवर सांगत होता, "मॅडम, शुक्रवारी मी सरावाच्या प्रतीतली खोटी बुकिंगं साफ करत होतो. रोजचंच काम आहे."

या वेळी मी ओरडले नाही. पंच बसवले आणि म्हटलं, "रोज जसं उघडता, तसं उघडून दाखवा." चहा मागवला, गाव कुठलं, मुलं किती, असं विचारत राहिले. माझ्याकडे बघत, उत्तरं देत त्याने वरचा बाण दोनदा दाबला. एंटर.

"हात काढा!" मुलगी ओरडली. "हा खरा सर्व्हर आहे!"

त्याने पडद्याकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. बाण दाबला की आधी लिहिलेला हुकूम परत येतो. दोनदा मागे म्हणजे सरावाची प्रत उघडते, एवढंच त्याच्या बोटांना पाठ होतं. शुक्रवारी मध्येच एका कामासाठी त्याने खरा सर्व्हर उघडला होता, त्यामुळे हुकमांचा क्रम बदलला होता आणि खोटी समजून त्याने खरीच बुकिंगं साफ केली होती. आताही सवयीने दोनदा बाण दाबून त्याने खरा सर्व्हरच उघडला होता.

"शनिवारी सकाळी लक्षात आलं," तो हळूच म्हणाला. "पण तिथं नाव यांचं होतं..."

"म्हणून गप्प बसलात?" मुलीने विचारलं.

त्याचा जबाब नोंदवला. मुलीचं नाव आरोपीत गेलं नाही. मालक माफीचं काही पुटपुटत होते. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सर, आधी माझा प्रवेश बंद करा. इथंच, माझ्यासमोर."

सायबर शाखेने सगळ्याची नक्कल घेतल्यावर नव्या इंजिनिअरने कन्सोल उघडला. त्याने हुकूम लिहिला.

"थांबा. मोठ्याने वाचा," ती म्हणाली.

त्याने अक्षर न् अक्षर वाचलं. तिने "हं" म्हटलं, तेव्हाच त्याने एंटर मारलं. मग तिने आईला उठवलं आणि दोघी लोकल गाठायला निघाल्या.

पुढे निवृत्तीपर्यंत कुणाच्याही नावापुढे 'आरोपी' लिहायच्या आधी मी ठाण्यात तपासाचा सगळा कागद मोठ्याने वाचायला लावायचे. ठाणे अंमलदार वैतागायचे. वैतागू देत. मी त्या वेळी खोलीत फेऱ्या मारत ऐकायचे.