धरणाकाठी मोहोळ उठलं तेव्हा

आम्ही चौघं मिळून रानात मुक्कामाला जायचो. त्यातल्या पहिल्या तीन वर्षांत रक्त न सांडता पार पडलेली एकही खेप मला आठवत नाही. तरी आम्ही जात राहिलो. आजही कुणी विचारलं, की संसारातले मजेचे दिवस कोणते, तर मी तेच दिवस सांगते.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. जळालेल्या पंपाच्या मोटारी वाइंडिंग करून द्यायचं माझ्या नवऱ्याचं नारायणगावात दुकान होतं, आणि घर शेजारी वारूळवाडीला. मुलगी पुण्यात वसतिगृहात राहून शिकत होती, मुलगा बारावीला होता. लहानपणी एका ताटात जेवणारी ही दोघं मोठी झाल्यावर एका खोलीत बसेनात. सुट्टीत मुलगी घरी आली की दारं आपटायची, टीव्हीवरून ओढाओढ व्हायची आणि मग चार-चार दिवस अबोला. नवरा दुकानातून दमून यायचा आणि कुणाशी न बोलता जेवून झोपायचा. एका उन्हाळ्यात त्यालाच काय वाटलं कोण जाणे, म्हणाला, चला, माणिकडोहच्या धरणाकाठी दोन दिवस राहून येऊ. राजुरीला माझ्या माहेरी हे कळल्यावर सगळे हसले. घर असताना उघड्यावर कशाला झोपायचं, हे त्यांना समजेना. तंबू आमच्याकडे कुठला असायला? कांदा झाकायची ताडपत्री, चार बांबू आणि सुंभ घेऊन आम्ही आमच्या जुन्या जीपमधून निघालो.

पहिल्या वर्षी वावटळीनं ताडपत्री उचलली आणि सुटलेला बांबू नवऱ्याच्या भुवईवर बसला. रक्त डोळ्यात उतरलेलं असताना तो सुंभ धरून उभा राहिला आणि मोठ्यानं हसला. त्याचं तसं हसणं मी लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकलं. दुसऱ्या वर्षी मुलानं हट्टानं स्वतः कोंबडा कापायला घेतला. सुरी नीट फिरली नाही आणि अर्धवट मान तुटलेला कोंबडा त्याच्या हातून निसटून सगळ्या अंथरुणांवरून नाचला. गोधड्या रक्तानं माखल्या. मुलीनं पळीनं भावाची पाठ फोडून काढली, आणि मग त्याच दोघांनी मिळून तो कोंबडा पकडला. संध्याकाळी रश्श्यासाठी दोघं पुन्हा भांडली. पण ते भांडण उघड्यावरचं होतं. ओरडून, मारून, दमून झालं की संपायचं. घरी तसं संपत नव्हतं. म्हणूनच आम्ही जायचो, असं मला वाटतं.

तिसऱ्या वर्षी आम्ही त्याच जागी उतरलो. समोर पाणी, मागं थोड्या अंतरावर उभा कातळकडा. कड्याला आग्या मोहोळं लटकलेली असायची, काळी, सुपाएवढी. आधीची दोन्ही वर्षं ती तिथंच होती. त्यांनी आम्हाला काही केलं नव्हतं, ना आम्ही त्यांना.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही पोरं पाण्यात उतरली. कोण आधी समोरच्या खडकाला शिवतं, अशी शर्यत लागली. मुलगी पुढं गेली, तसं मुलानं मागून तिचं डोकं धरून पाण्यात दाबलं. गंमतच होती, पण त्यानं सोडायला उशीर केला. ती वर आली ती खोकत, डोळे तांबडे करून, आणि तिनं त्याच्या दंडाला कडकडून चावा घेतला. त्यानं तिच्या कानफटात मारली. काठावर येईपर्यंत दोघं एकमेकांचे केस धरून होती. तिनं दगड उचलला. तो लागला असता तर डोकंच फुटलं असतं. नवरा धावत मधे पडला, दगड काढून घेतला आणि मुलाच्या थोबाडीत दिली. दुसरी द्यायला हात उगारला, तो मुलानं वरच्या वर धरला.

तोवर तो बापाएवढा उंच झाला होता. हात धरल्यावर नवऱ्याला तो सोडवता येईना. दोघं तसेच उभे. मुलाच्या दंडातून रक्त ओघळत होतं.

"हात सोड," नवरा म्हणाला.

"सोडतो. पण इथून पुढं मारायचं न्हाई, आण्णा."

मुलानं हात सोडला. नवरा चुलीसाठी सरपण गोळा करायला कड्याच्या बाजूला निघून गेला. मुलगा उलट्या दिशेला पाण्याकडं गेला. मुलगी ताडपत्रीखाली येऊन माझ्याशेजारी बसली. तिचा कान लाल झाला होता आणि ती रडत नव्हती.

तेव्हाच मी एक घार पाहिली. घारीसारखाच पक्षी, जरा मोठा. कड्यावरून घसरत आल्यासारखा आला आणि एका मोहोळावर पाय रोवून त्यानं भला मोठा तुकडा तोडून नेला. मोहोळं फोडून खाणारी एक जातच असते म्हणे, मला ते नंतर समजलं. पुढं गावात सगळे आमच्या चुलीच्या धुराला दोष देत राहिले. पण चूल तेव्हा पेटलीही नव्हती, आणि घार मी डोळ्यांनी पाहिली होती.

आधी आवाज आला. विजेच्या तीनपैकी एक फेज गेल्यावर पंपाची मोटार जशी घुमते, तसा. मग कड्याचा काळा रंगच सुटून हवेत आला. नवरा त्याच्या बरोबर खाली होता. त्यानं सरपण टाकलं आणि टॉवेल फिरवत आमच्याकडं पळायला लागला. मग एकदम थांबला आणि बाजूला वळला. आमच्याकडं आला असता तर माश्या आमच्यावर आल्या असत्या, म्हणून तो वळला, हे मला त्याच क्षणी कळलं. पण माश्यांना कुठं वळायचं होतं? त्या सगळीकडंच होत्या.

पहिला काटा माझ्या पापणीवर बसला. विस्तव टेकवावा तसा. दुसरा ओठावर, तिसरा मानेवर, आणि पुढं वेगवेगळं काही कळेना. केसांत शिरून अडकलेल्या माश्या डोक्याच्या आतच घुमल्यासारख्या घुमत होत्या. एक नाकपुडीत शिरली. हवेला पिकल्या केळ्यासारखा गोड वास सुटला होता. तो वास मला अजून सहन होत नाही. मी पदर डोक्यावरून घेऊन सैरावैरा पळणार, तेवढ्यात मुलीनं मला ढकलून खाली पाडलं आणि बांबूला लाथ मारून अख्खी ताडपत्री आमच्या अंगावर ओढून घेतली. बांबू माझ्या पाठीत बसला. आम्ही दोघी आत. आत आलेल्या माश्या ती तळहातानं माझ्या तोंडावर, गळ्यावर मारत होती. मायलेकींत एवढी मारामारी कधी झाली नसेल. आणि बाहेर नवरा ओरडत होता. आधी देवाचं नाव, मग माझं, मग नुसता आवाज. मग आवाज बंद झाला.

मुलगा पाण्यात बुडी मारून बसला होता. श्वास घ्यायला डोकं वर काढलं की माश्या डोक्यावर तुटून पडायच्या. बापाचा आवाज थांबला तसा तो बाहेर आला. रात्रीच्या गोधड्या काठावर खडकांवर वाळत टाकल्या होत्या. त्यातली एक त्यानं पाण्यात बुचकळून अंगावर घेतली, दुसरी हातात, आणि कड्याकडं धावला. हे मी ताडपत्रीच्या फटीतून, उरलेल्या एका डोळ्यानं पाहिलं. नवरा पालथा पडला होता. त्याची पाठ दिसत नव्हती, इतक्या माश्या बसल्या होत्या. मुलानं ओली गोधडी त्याच्यावर टाकली, दाबली, गुंडाळली, आणि त्याला पोत्यासारखं पाठीवर घेतलं. मग माझा दुसरा डोळाही मिटला. मी आंधळी झाले.

यापुढचं सगळं मी ऐकलेलं आहे. मुलगी म्हणाली, "आई, माझा हात सोडू नको." आम्ही ताडपत्रीसकट फरफटत जीपपर्यंत गेलो. जीपच्या कापडी छताखाली माश्या आमच्याबरोबरच आत शिरल्या. चपलांचे फटके ऐकू येत होते, काचेवर, टपावर, माणसांवर. मुलाच्या हाताची बोटं सुजून वळेनात, त्याला चावी फिरवता येईना. मुलीनं त्याला ओढून बाजूला केलं.

"तुला गाडी कुठं येती?"

"ट्रॅक्टर येतो. सरक."

उन्हाळ्याच्या सुट्टीत मामाच्या शेतात शिकलेल्या ट्रॅक्टरच्या जोरावर तिनं ती जीप हाकली. गिअर करकरायचे, गाडी दगडावरून आपटायची, माझं डोकं टपाला लागायचं. माझ्या मांडीवर नवऱ्याचं डोकं होतं. मी हातानं चाचपलं तर ते तोंड त्याचं वाटेना. नाक हाताला लागत नव्हतं. घशातून शीळ घातल्यासारखा श्वास येत होता. त्यानं माझ्या साडीवर उलटी केली आणि मला बरं वाटलं, म्हणजे तो जिवंत होता. मुलगा मागं वळून त्याला हाका मारत होता. "आण्णा, झोपायचं न्हाई. आण्णा, बोला. मला शिव्या द्या पायजे तर." नवऱ्यानं खरंच एक शिवी दिली. नीट उमटली नाही, पण आम्हा तिघांना कळली, आणि मुलगी गाडी चालवता चालवता हसायला लागली. ते हसणं कधी रडण्यात गेलं ते मला आवाजावरून सांगता आलं नाही.

जुन्नरच्या दवाखान्यात नवऱ्याला सलाइन लावलं, इंजेक्शनं दिली. नर्सबाई चिमट्यानं काटे काढत बसल्या, काढून काढून त्यांची मान अवघडली. तोपर्यंत डॉक्टरांनी मुलाला तपासायला घेतलं. त्याचा दंड पाहून ते थांबले. दातांची पुरी महिरप उमटली होती.

"ही कुठली माशी?" त्यांनी विचारलं.

"ही आमच्या घरची," मुलगा म्हणाला.

दोन दिवसांनी माझे डोळे किलकिले उघडले, तेव्हा पहिल्यांदा मी पोरांना पाहिलं. मुलीचा एक कान फुगून वडापावसारखा झाला होता. भावाची थप्पड कुठली आणि माशीचा डंख कुठला, कुणी ओळखावं? दोघं एका बाकावर बसून एकाच पेल्यातला चहा आळीपाळीनं पीत होती आणि साखर कमी आहे म्हणून कुरबुरत होती.

नवरा आठवड्यानं घरी आला. सूज उतरली, कातडी सोलपटून निघाली. पण दुकानात दुरुस्त केलेली मोटार चालू करून बघायची वेळ आली की तो बाहेर जाऊन रस्त्यावर उभा राहायचा. कारागीर बटण दाबायचा, बंद करायचा आणि मग त्याला हाक मारायचा. असं पावसाळाभर चाललं. त्यानं मुलावर पुन्हा हात उगारला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात आम्ही जाऊ असं मला वाटत नव्हतं. पोरांनीच विषय काढला. कडा नको, झाड नको, पाणीसुद्धा नको, एवढं ठरवून ती दोघं नकाशा बघितल्यासारखी तालुका आठवत बसली आणि आण्याचं पठार निघालं. उघडंबोडकं माळरान, वारा आणि दगड. सकाळी उठून बघते तर नवऱ्यानं ताडपत्री जीपमध्ये टाकलेली.

आण्याच्या माळावर वारा असा सुटला होता की ताडपत्री उभीच राहीना. शेवटी आम्ही ती खाली अंथरून त्यावर बसलो. कलिंगडं आणली होती, सुरी घरी राहिली होती. पोरं सुरीवरून एकमेकांना बोल लावायला लागली. नवऱ्यानं एक कलिंगड दोन्ही हातांनी डोक्यावर उचललं आणि सगळी ताकद लावून दगडावर आपटलं. लाल चिंधड्या उडाल्या, तिघांच्याही तोंडावर. मग मुलीनं दुसरं उचललं, मुलानं तिसरं. आम्ही हातांनी ओरबाडून, बिया थुंकत, कोपरांपर्यंत रस गाळत खाल्लं. माझ्या साडीचा तर निकालच लागला.

मुलीचं लग्न त्यानंतरच्या हिवाळ्यात झालं, आणि चौघांनी मिळून रानात जाणं तिथंच थांबलं.