पाहुण्यांची रत्नागिरी

रत्नागिरीतली माणसं रत्नागिरी बघायला कधी जात नाहीत. पाहुणे आले की जातात. मी माहेरची सांगलीची. लग्न होऊन इथे आले त्याला जन्म लोटला, पण भगवती किल्ल्यावर पाहुण्यांशिवाय एकदाही चढलेले नाही. पाहुण्यांबरोबर मात्र इतक्यांदा चढले आहे, की दीपगृहाचं नुसतं नाव काढलं तरी माझे गुडघे दुखायला लागतात.

हे सगळं माझ्या नवऱ्यापायी. आमचे हे इथल्या कोर्टात नोकरीला होते, आता निवृत्त. जन्म इथला, शाळा इथली, पोटासाठी कधी मुंबई गाठावी लागली नाही, याचा त्यांना कोण अभिमान! एरवी दिवसभर गावाला शिव्या चालूच. लाइट गेली, शिव्या. रस्ता खणला, शिव्या. पण तो हक्क फक्त घरच्यांना. बाहेरच्याने एक शब्द काढायची खोटी, की ह्यांचे कान लाल. आणि पाहुणा आला की त्याला गाडीत पुढे खिडकीशी बसवायचं, मी मागे, आणि फेरी सुरू. थिबा राजवाडा, तिथून खाली दिसणारी भाट्याची खाडी, मग किल्ला, मग मांडवी. वाक्यंसुद्धा ठरलेली. "हवा बघा! ही वाळू काळी, पलीकडची पांढरी. दोन दोन समुद्र आहेत आमच्याकडे!" आणि शेवटी भाट्याच्या पुलाशी गाडी वळवताना, "पावस राहू दे. पुढच्या वेळी आलात की दाखवीन."

एक जागा मागे ठेवायची, ही माझ्या सासऱ्यांची पद्धत. सगळं दाखवून टाकलं की माणूस परत येत नाही, असं ते म्हणायचे. मी नवी नवरी असताना त्यांनीच मला फिरवलं होतं आणि पावस मागे ठेवलं होतं. अहो, मी इथे जन्मभर राहायला आले होते, माझ्यापासून काय मागे ठेवायचं? पण ती सवयच.

यंदाच्या मे महिन्यात मात्र त्या फेरीत माझा जीव अडकला होता.

आमचा मुलगा फिजिओथेरपिस्ट. पुण्यात शिकला, तिथेच नोकरीला लागला. मग हे आजारी पडले तेव्हा गाशा गुंडाळून परत आला आणि मारुती मंदिराजवळ दवाखाना काढला. दवाखाना बरा चालतो. लग्न तेवढं जमेना. मुलगा पसंत, शिक्षण पसंत, घर पसंत, आणि मग फोनवर ते एक वाक्य यायचं, "पण रत्नागिरीत राहायचं म्हणजे..." पुढचं कोणी बोलत नाही. आधी मला संताप यायचा. मग नुसतं वाईट वाटायचं. पुढेपुढे फोन वाजला की मी गॅस बारीक करून बसूनच घ्यायची.

पुण्याचं हे स्थळ आलं तेव्हा मुलगा पस्तिशीला टेकलेला. जेवता जेवता म्हणाला, "आई, ही शेवटची. हिनेही गावासाठी नको म्हटलं, तर मी पुण्याला परत जातो. मित्र भागीदारीत घेतोय." ह्यांनी ऐकलंच नाही असं दाखवलं आणि आमटी मागितली. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर गाडी धुताहेत.

आणखी एक तयारी केली होती त्यांनी. आमच्या दाराशी हापूसचं झाड आहे. हापूस चौदा आणे तयार झाला की उतरवायचा आणि अढीत, म्हणजे पेंढ्यात घालून पिकवायचा, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. बाकीचे सगळे तसे उतरवले. पण दाराकडच्या फांदीवरच्या मोठ्या, देखण्या फळांना ह्यांनी हात लावू दिला नाही. "ते पाहुण्यांसाठी. पुरते सोळा आणे होऊ देत." मी म्हटलं, "अहो, अती करू नका." तर म्हणाले, "सांगलीकरणीने मला आंबा शिकवू नये." वाद घालायला अंगात जोर लागतो, तो माझ्यात उरला नव्हता.

मुलगी आई-वडिलांबरोबर आली. हसरी, मोकळी पोरगी. काम कॉम्प्युटरवरचं, घरी बसून करता येण्यासारखं, म्हणून आमची आशा जरा जास्तच. तिचे वडील पुढे खिडकीशी, मागे त्या मायलेकी आणि मी, आमचा मुलगा मागून स्कूटरवर. ऊन नुसतं रणरणत होतं. निम्मा रस्ता खणलेला, लाल धुरळा काचेवर. हे आपले म्हणताहेत, "एरवी असं नसतं हं." राजवाड्यापर्यंत किमान चारदा म्हणाले. मी मनात म्हटलं, एरवी म्हणजे कधी हो?

किल्ल्यावर मुलीने विचारलं, "काका, रात्री-अपरात्री काही झालं, तर मोठं हॉस्पिटल?"

"आहे की! आणि अगदीच लागलं, तर कोल्हापूर कितीसं लांब?"

मग खरेदीचं निघालं. तिथेही कोल्हापूर. विमानाचं निघालं, पुन्हा कोल्हापूर. मुलगी हसून म्हणाली, "म्हणजे काका, रत्नागिरीत राहायचं ते कोल्हापूरला जायला?" सगळे हसले. हेही हसले, पण कान बघितले मी. माझा मुलगा तिच्याकडे बघून इतका मनापासून हसला, की मला वाटलं, देवा, एवढं एक जमू दे रे बाबा.

पावस अर्थातच मागे ठेवलं. घरी येऊन जेवणं झाली. फणसाची भाजी झाली, सोलकढी दोनदा मागून घेतली, सगळं छान. आणि तिच्या वडिलांनी विड्याचं पान पुसता पुसता, अगदी निरागसपणे, सांगितलं, "आम्ही दरवर्षी देवगडचाच आंबा घेतो बुवा."

ह्यांचे कान लाल.

हे उठले. राखलेली फळं घेऊन आले. मोठं ताट, सुरी, सगळं पाहुण्यांसमोर मांडलं. "आता हा खा, आणि मग देवगडचं नाव काढा." फळ कसलं देखणं होतं! कापलं, तर आत साका. साका म्हणजे कोयीजवळचा गर पांढरट, भुसभुशीत, तोंडात घातला तर आंबट. वरून काही म्हणता काही कळत नाही. झाडावर फळ जास्त राहिलं की हे होतं, आणि ते ह्यांच्याइतकं पक्कं कोणाला ठाऊक? दुसरं कापलं. साका. तिसरं कापलं. तिचे वडील भले माणूस, म्हणाले, "अहो राहू द्या, होतं असं." तरी हे कापतच राहिले. मला बघवेना. त्या माणसाचा इतका राग आला आणि इतकी माया आली, की मी उठून स्वयंपाकघरात गेले.

तिथे आमची टोपली होती, डागी आंब्यांची. इथे चांगला आंबा पेटीत जातो नाहीतर पाहुण्याला, घरच्यांनी डाग काढून खायचा. पाठोपाठ मुलगी आली आणि विचारलं, "काकू, ह्यातला घेऊ?" मी नको नको म्हणेपर्यंत तिने एक उचलला, सिंकशी उभी राहून चोखून खाल्ला, रस कोपरापर्यंत. "अहो, हेच आधी का नाही आणलेत?" मी वेडी, तिथल्या तिथे ठरवून टाकलं, की माडीवरची खोली हिच्या कामाला द्यायची, तिथे वारा चांगला येतो.

आठवड्याने तिच्या वडिलांचा फोन आला. "मुलगा आवडला हो. माणसं तर फारच आवडली. तिलाही. पण..."

"रत्नागिरीत राहायचं म्हणजे," मी म्हटलं.

मी त्यांना प्रवास नीट झाला ना विचारलं आणि फोन ठेवला. रडूसुद्धा आलं नाही. कुकरच्या शिट्या मोजायच्या राहून गेल्या एवढंच.

त्या संध्याकाळी लाइट गेली. आम्ही दोघं अंधारात बसलो, आणि ह्यांनी एक शिवी दिली नाही. मी वाट बघत होते. काही नाही. मुलगा दवाखान्यातून आला, तेव्हा अंधारातच त्याला म्हणाले, "तू जा पुण्याला. माझ्या दुखण्यासाठी आलास, दुखणं बरं झालं, तरी मी तुला धरून बसलो. जा."

"बाबा, मला आवडतं म्हणून राहिलो मी."

"माहीत आहे. जा तू."

दवाखाना आवरायला पंधरा-वीस दिवस लागले. जायच्या आदल्या दिवशी दुपारी मी मुलाच्या बॅगेत पोह्याचे पापड कोंबत होते, तर हे किल्ली घेऊन दारात उभे. "चला, जरा फिरून येऊ." मुलगा सवयीने गाडी चालवायला पुढे झाला. ह्यांनी किल्ली दिली नाही. "तू इकडे बस. खिडकीशी."

मी मागे बसले.

राजवाडा झाला. खाडी झाली. "हवा बघ," हे म्हणाले. ह्या हवेत वाढलेल्या पोराला हवा दाखवत होते! मला वाटलं, आता हा हसणार, म्हणणार, बाबा, पुरे. पण पोरगं काच खाली करून बघत बसलं. किल्ल्यावर मी गुडघ्याची तक्रार न करता चढले. मांडवीला उतरलो तेव्हा ह्यांनी वाळूचं सांगायला सुरुवात केली, ही काळी, पलीकडची पांढरी, आणि मुलाने मान डोलावून विचारलं, "असं का, बाबा?" अगदी पाहुणे विचारतात तसं. हे सांगत राहिले. तो ऐकत राहिला. मी समुद्राकडे तोंड करून पदराने डोळे पुसले. फोन आला तेव्हा न आलेलं रडू तिथे आलं.

परत निघताना भाट्याच्या पुलाशी ह्यांनी गाडी हळू केली. मुलगा म्हणाला, "इथून पावस किती लांब?" लहानपणी सायकलने गेलेला आहे तो तिथे.

"फार नाही," हे म्हणाले. गाडी वळवली. बराच वेळ आरशातून मागचा रस्ता बघत होते, कोणी येत नव्हतं तरी. मग म्हणाले, "पावस राहू दे. पुढच्या वेळी आलास की दाखवीन."