ओट्याला दिलेली पाण्याची पाळी

मोठे साहेब जीपमधून उतरलेसुद्धा नाहीत. बसल्या जागेवरून त्यांनी चौथऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "थोडासा तर कललाय. खाली पत्रे घालून लेव्हल करा आणि ट्रान्सफॉर्मर चढवून टाका." ट्रान्सफॉर्मर तोवर बडनेऱ्याला मालगाडीतून उतरलेला होता.

ही साठ सालानंतरची गोष्ट. मी तेव्हा विजेच्या खात्यात ओव्हरसियर होतो आणि काम होतं अंजनगाव सुर्जीला. तिथले पानमळे नुकतेच विजेच्या पंपांवर आले होते. पंप वाढत गेले, खांबावरच्या लहान ट्रान्सफॉर्मरला भार सोसेना आणि ऐन उन्हाळ्यात तो जळाला. नवा कित्येक टनांचा, खांबाला न पेलणारा. त्याला जमिनीवर काँक्रीटचा चौथरा लागतो. आम्ही त्याला प्लिंथ म्हणायचो, मळेवाले म्हणायचे ओटा.

विड्याच्या पानाचा वेल मोठा लाडावलेला. उन्हाळ्यात दोन पाळ्या चुकल्या की मान टाकतो. पंप बंद पडल्यावर लोकांनी अडगळीतल्या मोटा काढून बैल जुंपले होते, पण मोटेच्या पाण्यानं मळे नुसते तग धरून होते. वीज लवकर आली नाही तर बापजाद्यांनी जोपासलेले मळे जाणार, हे कुणी सांगायची गरज नव्हती.

मोठा ट्रान्सफॉर्मर आधीच मंजूर झालेला, म्हणून ओटा आदल्या उन्हाळ्यातच एका ठेकेदारानं बांधून ठेवला होता. आमच्या वऱ्हाडातली काळी माती मे महिन्यात अशी कडक होते की कुदळ उलटून अंगावर येते. ठेकेदाराला वाटलं, जमीन काय झकास आहे. गुडघाभर खणून त्यानं ओटा घातला. पावसाळ्यात तीच माती पाणी पिऊन फुगली, हिवाळ्यात आकसली, आणि ओटा एका बाजूला बसला. परका माणूस असता तर समजू शकलो असतो. हा गडी परतवाड्याचा, जन्म काळ्या मातीत गेलेला. पण उन्हाळ्यात भेटलेल्या काळ्या मातीवर आपल्याकडचे लोक हटकून भुलतात.

आमचे डेप्युटी इंजिनियर तायडे साहेब. अकोल्याच्या जुन्या शहरातले, छप्पन साली दीक्षा घेतलेल्या घरातले, वडील जिनिंगमध्ये हमाल. घराण्यातले पहिले इंजिनियर. बोलणं रोखठोक, अगदी मोठ्या साहेबांशीसुद्धा. ते जीपपाशी गेले आणि म्हणाले, "पत्र्यांनी आज लेव्हल होईल. पावसाळ्यात माती पुन्हा फुगेल, ओटा आणखी कलेल आणि ट्रान्सफॉर्मर तेलासकट आडवा होईल. मी यावर चढवणार नाही. हा फोडून नवा घालतो."

मोठ्या साहेबांनी पावसाच्या आत वीज चालू झाली पाहिजे, नाहीतर जबाबदारी तुमची, एवढं सुनावलं आणि ते निघून गेले. त्याच दुपारी आम्ही ओटा फोडायला घेतला. मळेवाल्यांना आमच्या डोक्यावर परिणाम झाला असं वाटलं असणार, आणि त्यांनी ते आम्हाला ऐकूही येऊ दिलं.

आता खणायचं किती? तायडे साहेब शेजारच्या नामदेवरावांच्या मळ्याकडे गेले. पानमळ्यात पायताण चालत नाही. त्यांनी बूट कुंपणाबाहेर काढले आणि तापल्या जमिनीवरून अनवाणी चालत विहिरीच्या काठाशी जाऊन आत वाकून पाहत राहिले. विहिरीच्या आतल्या कडांना मातीचे थर उघडे दिसतात. पुरुषभर खोलीपर्यंत काळी, मग पिवळी, तिच्याखाली मुरूम. मुरूम पाण्यानं फुगत नाही. "तिथवर जायचं," ते म्हणाले. मला फार आवडली ती गोष्ट.

मुरूम लागेपर्यंत खणलं. खाली दगड आणि साधं काँक्रीट भरत वर आणलं, त्यावर सळयांची जाळी बांधून पक्का ओटा घातला. भोवतीच्या फटीत खणलेली माती परत टाकली नाही, मुरूमच ठोकून भरला. नाहीतर माती बाजूनं ढुशा देत राहते.

खरा पेच पुढे होता. काँक्रीट वाळून घट्ट होतं अशी पुष्कळांची समजूत असते. ते पाणी पिऊन घट्ट होतं. निदान दोन आठवडे ते ओलं ठेवावं लागतं, त्याला क्युरिंग म्हणतात. आम्ही ओट्यावर मातीचे बांध घालून पाणी साठवलं, बाजूंना ओलं गोणपाट गुंडाळलं. पण ऊन असं की सकाळचं पाणी दुपारी दिसत नसे. गावातला टँकर पिण्याच्या पाण्याला जुंपलेला. राहिली नामदेवरावांची विहीर. ती भावकीत सामाईक होती, प्रत्येकाची पाळी ठरलेली. मोटेचं पाणी ओट्यापर्यंत येता येता पाटातच अर्धं मुरायचं.

पहिले काही दिवस भावकीनं पाणी दिलं. मग ओट्यावर काठी आपटली की खणखणायला लागली, आणि ओटा तर झाला असं म्हणत लोकांचा धीर सुटला. नामदेवराव स्वतः आले. साठीचे, काटक, डोक्याला पांढरं मुंडासं.

"साहेब, येल वायून राह्यले आमचे, अन् तुमी या दगडाले पानी पाजून राह्यले. काहून?"

तायडे साहेबही वऱ्हाडीवर आले. "वरून दगड झाला, नामदेवराव. आतून कच्चा हाय. आता उपाशी ठेवला त जलमभर कच्चाच राह्यते."

"अन् माहे येल?"

साहेब म्हणाले, "काही येल जातीन. खोटं नाही बोलत तुमच्याशी. पन कच्च्या ओट्यावर ट्रान्सफॉर्मर चढवला अन् ओटा फुटला, त साऱ्यायचे मळे जातीन."

नामदेवराव मळ्याकडे परत गेले. मला वाटलं, संपलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर पाट वाहत होता आणि पाणी सरळ आमच्याकडे येत होतं. बांधावर त्यांचा धाकटा भाऊ तावातावानं भांडत होता. नामदेवराव मोट हाकता हाकता एवढंच म्हणाले, "माह्या पाळीचं हाय. तुले काय?"

रोज त्यांनी आपल्या पाळीतलं पाणी तोडून दिलं. कुंपणालगतच्या त्यांच्या दोन ओळी आधी पिवळ्या पडल्या, मग काळ्या. आम्ही गोणपाट भिजवत होतो आणि समोर त्या ओळी जळताना दिसत होत्या. इतका मोठा माणूस मी खात्यात पाहिला नव्हता, खात्याबाहेरही क्वचितच.

तायडे साहेबांचं समाधान झालं तेव्हाच ट्रान्सफॉर्मर आला. तीन वाशांचं तिकाटणं उभारून चेनपुलीनं तो उचलून ठेवला. लाइन चालू झाली आणि एकेका विहिरीवरचा पंप बोलायला लागला. नामदेवरावांच्या दोन ओळी सोडल्या तर सगळे मळे वाचले.

भर पावसात आम्ही ओटा तपासायला गेलो. भोवतालची माती फुगून वर आली होती, ओटा जागचा हलला नव्हता. नामदेवराव त्या मेलेल्या ओळींच्या जागी नवे वेल लावत होते.

"ओटा बरा हाय का?" त्यांनी विचारलं.

"बरा हाय," साहेब म्हणाले.

"मंग झालं," म्हणून ते पुन्हा खाली वाकले.

पुढे नोकरीत मी बरेच ओटे घातले. काँक्रीट सुरू करण्याआधी सिमेंट आलं का, वाळू आली का, हे सगळेच विचारतात. मी त्याच्या आधी विचारायचो, क्युरिंगचं पाणी कुणाच्या पाळीचं आहे.