वास्तुशांतीतून उठावं लागलं

तीस वर्षं मी बस हाकली. तास न् तास लघवी दाबून बसायचो, त्याचाही तोरा होता मला. मग प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं आणि साधं शिंकलो तरी लुंगी ओली व्हायला लागली. डॉक्टर म्हणाले होते, व्यायाम करा, त्रास वाटला तर दाखवायला या. गेलो नाही. कुठल्या तोंडानं सांगायचं? पाणी पिणं कमी केलं, लग्नकार्याला जाणं सोडलं, आणि अंथरूण ओसरीवर नेलं. बायकोनं कारण विचारलं की खेकसायचो, "आत उकडतंय." पौषातसुद्धा उकडायचं मला.

दोन वर्षं अशीच काढली. त्यात दिंद्रुडला नवीन घर बांधलं. घर माझ्या नावावर, म्हणून वास्तुशांतीला आम्हीच जोडीनं बसायचं ठरलं. मी लई कारणं सांगितली, पोरगा ऐकेना. बायको मात्र एकच बोलली, "माज्याशेजारी बसायचं नसंल तर तसं सांगा." मग काय, बसलो.

आणि तिथंच माती खाल्ली. एरवी आत फडक्याची जाड घडी ठेवायचो. पण सोवळं नेसताना मनात आलं, देवाच्या कामात हे बाटलेलं फडकं कसं चालेल? काढून ठेवलं. काय ही अक्कल!

पूजा सांगणाऱ्या महाराजांनी माझ्या उपरण्याची आणि तिच्या पदराची गाठ मारली. होम पेटला. धूर नाकात गेला, ठसका लागला, आणि व्हायचं ते झालं. समोर अख्खी भावकी. वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. मी तसाच बसून राहिलो.

तेवढ्यात बायको मोठ्यानं म्हणाली, "महाराज, मला मागं जायचंय. दम निघत न्हाई."

बाया फिदीफिदी हसल्या. महाराज वैतागले, "गाठ सोडता येणार नाही. दोघं जाऊन या लवकर." ती उठली आणि मला पुढं घालून, माझं ओलं सोवळं झाकत, पाठीला चिकटल्यागत मागून चालली. वाटेत खोलीतली आपली पिशवी उचलली.

मोरीचं दार लावून तिनं पिशवीतून कोरडं धोतर काढलं. मी विचारलं, "तुला कवा कळलं?"

"तुमी पहाटं उठून सोताची लुंगी धुवायला लागले तवाच. जलमात कदी चहाचा कप न्हाई इसळला!"

मला हसू आलं. तिला आलं नाही. डोळे भरले तिचे. "लुंगीचं कळलं वो. पर दोन वर्सं एका शबदानं बोलले न्हाई. कावून? मी कोन हाय मग तुमची? मला वाटायचं, तुमचं मनच उडालं माज्यावरून."

मी आपली लाज कुरवाळत बसलो होतो. हिचं काय होत असेल, हे एकदाही मनात आलं नव्हतं. "अंगाला वास येतो गं," मी म्हणालो, "तुला किळस येईल म्हणून बाहेर झोपायचो." एवढं बोलता बोलता रडलो. तिनं माझं तोंड पुसलं.

बाहेरून महाराजांनी हाक मारली, "झालं का? मुहूर्त टळतोय!"

"टळू द्या!" मी आतूनच ओरडलो. "बायकोशी बोलतोय मी."